गावाचं जुनं दप्तर: विदर्भातल्या गावांच्या नोंदी कुठे असतात, कशा मिळवायच्या, कशा वाचायच्या

गावाचा इतिहास शोधायचा आहे. सुरुवात कुठून करायची?

आजच्या सातबाऱ्यापासून. 'गावाचा इतिहास' नावाचा गठ्ठा कोणत्याच सरकारी दप्तरात नसतो. असतात त्या सारा, जमीन, जन्म-मृत्यू, शाळा आणि कर यांच्या नोंदी. काउंटरवर जाऊन "आमच्या गावची जुनी माहिती द्या" म्हटलं तर रिकाम्या हाताने परतावं लागतं. कागदाचं नाव, गावाचं नाव आणि साल, या तिन्ही गोष्टी सांगितल्या तर रेकॉर्ड कीपरला निदान कोणत्या घोडीवरचा (मांडणीवरचा) बस्ता (कापडात बांधलेला गठ्ठा) उतरवायचा ते कळतं.

म्हणून घरूनच चार गोष्टी लिहून न्या: मौजाचं (महसुली गावाचं) नाव, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), तहसील, आणि पूर्व विदर्भातलं गाव असेल तर बंदोबस्त क्रमांक (जमीन मोजून सारा ठरवताना गावाला दिलेला नंबर). पिंपरी, खापरी, पिंपळखुटा या नावांची गावं एकेका जिल्ह्यात पाच-सहा निघतात. नुसत्या नावावर भलत्याच गावाची नक्कल हातात पडते आणि ते घरी आल्यावर लक्षात येतं.

त्यानंतर सातबाऱ्यावरचे फेरफार नंबर (मालकी बदलाच्या नोंदींचे नंबर) धरून मागे मागे जायचं. प्रत्येक फेरफार आधीच्या मालकाकडे किंवा आधीच्या गट नंबराकडे नेतो. एकत्रीकरण योजनेत (जमिनीचे तुकडे जोडताना) नंबर बदलले असतील तर दुवा तुटल्यासारखा वाटतो. तो जोडण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा उतारा घ्यावा लागतो. हा उतारा न घेता मागे जाणारा माणूस हमखास शेजाऱ्याच्या शेताचा इतिहास गोळा करून आणतो.

कोणता कागद कोणत्या कचेरीत असतो?

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने सातबारे, फेरफार, पेरेपत्रकं (पिकांच्या नोंदी) आणि कोतवाल बुकं (कोतवाल पंजी, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी). जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिसली, अधिकार अभिलेख आणि जुन्या महसुली प्रकरणांच्या फायली. उपअधीक्षक भूमी अभिलेख, म्हणजे लोक ज्याला मोजणी ऑफिस म्हणतात तिथे, गाव नकाशा, टिपण (शेताच्या मोजमापाचा आराखडा), गुणाकार बुक (त्यावरून काढलेल्या क्षेत्राचा हिशेब), फाळणी (हिस्से पाडल्याची मोजणी), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची यादी) आणि शहर-कसब्याच्या आखीव पत्रिका (घरजागेचे मालकी उतारे). दुय्यम निबंधकाकडे खरेदीखतं आणि त्यांच्या सूची. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर. ग्रामपंचायतीत ठराव बुकं आणि नमुना 8 (घरकर आकारणीची यादी).

सर्वांत वर नागपूरचं राज्य पुराभिलेखागार. तिथे एखाद्या शेतकऱ्याची नोंद शोधायला जाऊ नका. तिथे सचिवालयाची आणि खात्यांची कागदपत्रं आहेत: दुष्काळी कामं, साथी, रेल्वे, जंगल खातं, गावांची हद्द बदलल्याचे पत्रव्यवहार. गावातल्या कागदांतून प्रश्न हाती आल्यावर तिथे गेलं तर उपयोग होतो. नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ आणि यवतमाळचा शारदाश्रम या संस्थांकडेही जुने कागद आणि पोथ्या आहेत. दोन्हीकडे आधी पत्र टाकून जावं.

आमचं गाव वऱ्हाडातलं. नागपूरकडच्या लोकांनी सांगितलेली कागदांची नावं इथे कोणी ओळखत नाही. का?

कारण विदर्भात महसुलाच्या दोन वेगळ्या पद्धती होत्या, आणि ही गोष्ट माहीत नसल्यामुळे जितके हेलपाटे पडतात तितके दुसऱ्या कशानेही पडत नाहीत.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि 1861 मध्ये मध्यप्रांत तयार झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इथे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत ठेवली. सरकार सारा घ्यायचं मालगुजाराकडून आणि मालगुजार काश्तकारांकडून (जमीन कसणाऱ्यांकडून). त्यामुळे कागदही गाव हा एकक धरून बनले: मिसल, खसरा, खतौनी (खातेवार यादी), जमाबंदी, वाजिब-उल-अर्ज.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी झाली. सरकारचा संबंध थेट खातेदाराशी, म्हणून शेत हा एकक. टिपण, गुणाकार बुक, आकारफोड (हिश्श्यांवार साऱ्याची विभागणी), शेतवार पत्रक ही सगळी वऱ्हाडची भाषा. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, तरी जमिनीचा कायदा वेगळाच राहिला: तिकडे 1917 चा मध्यप्रांत जमीन महसूल कायदा, इकडे 1928 ची वऱ्हाड संहिता. मालगुजारी 1951 मध्ये संपली. पुढे 1954 ची मध्य प्रदेश संहिता आणि मग 1966 ची महाराष्ट्र संहिता आली, तेव्हा कुठे दोन्हीकडचे नमुने एक झाले.

थोडक्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीममध्ये 'मिसल' मागू नका आणि भंडारा-गोंदियात 'गुणाकार बुक' मागून बाबूला कोड्यात टाकू नका.

मिसल म्हणजे नेमकं काय? त्यात काय बघायचं?

बंदोबस्ताच्या वेळी एका गावाची जी संपूर्ण फाईल तयार झाली ती मिसल. पूर्व विदर्भात बहुतेक गावांची विसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांतली मिसल मिळते. आत खसरा असतो, म्हणजे नंबरवार शेतांची यादी: कोणाचं, किती, कोणती माती, विहीर आहे का, झाडं किती. मग जमाबंदी, म्हणजे माणसावार यादी. नकाशा कधी फाईलमध्ये असतो, कधी वेगळ्या नळकांड्यात.

काश्तकाराच्या नावापुढचा हक्काचा शब्द नीट वाचा. सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराची स्वतःची वहिती. मालिक मकबुजा म्हणजे आपल्या तुकड्यापुरता मालक. मौरूसी म्हणजे वहिवाटीचा हक्क मिळालेला काश्तकार. माफी म्हणजे सारा माफ असलेली जमीन, बहुधा देवस्थानाची किंवा गावकामगाराची. मालगुजाराचा हिस्सा आण्यांत असतो: 'हिस्सा 0-8-0' म्हणजे आठ आणे, म्हणजे अर्धं गाव. त्यावर लोक "आठ आण्यांत गाव विकलं" असं कौतुकाने सांगतात. तसं काही झालेलं नसतं.

मिसलीनंतरचा टप्पा म्हणजे 1954-55 चा अधिकार अभिलेख. मालगुजारी गेल्यावर कोणती जमीन कोणाकडे राहिली आणि काय सरकारजमा झालं ते त्यात दिसतं. मिसल आणि अधिकार अभिलेख शेजारी ठेवून गावातले तलाव, गोठाण, आमराया आणि रस्ते एकेक करून जुळवले, की गावाच्या सामाईक जागेचं काय झालं ते समजायला दुसरा कागद लागत नाही.

वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांत फरक काय?

निस्तार पत्रकात गावच्या पडीक सरकारी जमिनीचा वापर लिहिलेला असतो: गुरं कुठे चरायची, जळतण आणि इमारती लाकूड कुठून आणायचं, मुरूम-माती कुठली काढायची, मसणवट कुठे. वाजिब-उल-अर्जमध्ये सरकारी नसलेल्या जमिनीवरच्या किंवा पाण्यावरच्या वहिवाटी असतात: तलावाचं पाणी कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी, मासे कोणी धरायचे, कोणाच्या शेतातून कोणाची वाट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे कलम 161 आणि 165 मध्ये आहे, आणि ते प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे.

भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांच्या (माजी मालगुजारी तलावांच्या) गावांत तर वाजिब-उल-अर्ज हाच गावाचा खरा इतिहास. मोठ्या लढाया नि सरदार त्यात नाहीत, पण पाण्याच्या पाळ्या आहेत, आणि गाव त्यावरच चालत होतं.

दोन्ही कागद वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतात. 2006 च्या कायद्याच्या नियमांत गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे यांच्या बरोबरीने दावेदाराव्यतिरिक्त दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मान्य झाला. त्यानंतर निस्तार पत्रकं मागणाऱ्या गावांची संख्या वाढली. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत एकाच जागेपुढे एका कागदात 'झुडपी जंगल', दुसऱ्यात 'गुरचरण' असं दिसलं तर एकच कागद घेऊन थांबू नका. सालवार सगळे घ्या.

कोतवाल बुकात काय मिळतं? ते जातीच्या दाखल्यासाठीच असतं ना?

लोक तेवढ्यासाठीच येतात, हे खरं. 1950 (अनुसूचित जाती-जमाती), 1961 (विमुक्त-भटक्या) आणि 1967 (इतर मागास) या वर्षांआधीची जातीची नोंद पडताळणीला लागते आणि ती कोतवाल बुकात असते. पण गावासाठी याच्याइतकं बोलकं पुस्तक दुसरं नाही.

मृत्यूचं एक पान डोळ्यांसमोर आणा. अनुक्रमांक, तारीख, मयताचं नाव, 'वल्द' म्हणून बापाचं नाव, जात, लिंग, वय, मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप, ताप, हगवण, ताप, देवी, साप, ताप'. 'ताप' या शब्दाखाली सगळंच घातलेलं असतं. कारण सांगणारा डॉक्टर नव्हे, कोतवाल होता. म्हणून कारणापेक्षा तारखा मोजा. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असलेल्या गावात 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं सलग भरलेली दिसली, तर ती इन्फ्लुएंझाची साथ. महिन्यावार बेरीज करून एका कागदावर मांडली की साथी, दुष्काळ नि नेहमीची वर्षं आपोआप वेगळी होतात.

अडचणी तीन. एक, जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. 'अमक्याला मुलगा' एवढंच. आजोबांची जन्मनोंद आजोबांच्या नावाने शोधाल तर सापडणारच नाही. पणजोबांच्या नावाने शोधा आणि भावंडांचा क्रम लावा. दोन, मध्यप्रांतात कोतवाल ठाण्यात जाऊन नोंदी सांगायचा आणि लिहिणारा दुसराच असायचा, त्यामुळे नावं ऐकीव. डोमा, डोम्या, डोमाजी हे एकाच माणसाचे अवतार असू शकतात. आडनाव तर पुष्कळदा नसतंच. तीन, बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली असेल तर नोंद माहेरच्या गावच्या बुकात.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' हा शब्द यायला लागतो, पण एकदम नाही. एकाच घरातल्या दोन नोंदींत दोन वेगळे शब्द दिसतात. याद्या करताना जसं लिहिलंय तसंच उतरवा, आपल्या मनाने एकसारखं करू नका.

वऱ्हाडात हीच नोंद 'गाव नमुना 14' म्हणून मागावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा लागू झाल्यावर हे काम टप्प्याटप्प्याने ग्रामपंचायतीकडे गेलं. त्या अदलाबदलीच्या वर्षांतली बुकं दोन्हीकडे विचारा. मधलीच काही वर्षं पंचायत समितीच्या कपाटात पडलेली निघतात.

जुन्या उताऱ्यावर क्षेत्र '1.20' लिहिलंय. म्हणजे किती?

कोणत्या भागातला, कोणत्या काळातला कागद, त्यावर आहे. वऱ्हाडातल्या जुन्या कागदात 1.20 म्हणजे 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण 40 गुंठ्यांचा एकर. मालगुजारी भागातल्या खसऱ्यात 1.20 म्हणजे 1 एकर 20 डिसमिल, म्हणजे सव्वा एकराला थोडं कमी, कारण तिथे 100 डिसमिलचा एकर. आणि दशमान पद्धतीच्या सातबाऱ्यावर 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास 3 एकर.

खूण सोपी आहे. त्याच रजिस्टरची दहा-बारा पानं चाळा. बिंदूनंतरचा आकडा कुठेही 39 च्या वर गेला असेल तर ते गुंठे नाहीत. भावाभावांतली भांडणं या एका बिंदूवरून कोर्टात गेलेली आहेत.

साऱ्याच्या रकान्यातलं '8-12-6' म्हणजे 8 रुपये 12 आणे 6 पै. 12 पैंचा आणा, 16 आण्यांचा रुपया. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून.

कागद मोडीत आहे. काय करावं?

आधी तो मोडीच आहे का ते पाहा. पूर्व विदर्भात हिंदी देवनागरीतले कागद भरपूर, निजामी कागद फारसी-उर्दूत, आणि महानुभाव मठांतल्या पोथ्या सांकेतिक लिपीत. ही सांकेतिक लिपी मोडी जाणणाऱ्यालाही वाचता येत नाही.

मोडी असेल तर छापील नमुन्यावर लिहिलेला कागद आधी घ्या. रकान्यांचं शीर्षक देवनागरीत छापलेलं असतं, त्यामुळे खाली नाव आहे, जात आहे की आकडा आहे ते कळतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरं लटकवलेली असतात आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. इकार सगळे दीर्घ, उकार सगळे ह्रस्व. आपल्या गावाचं नाव पानभर शोधा. ते दहा ठिकाणी सापडलं की त्यातली तीन-चार अक्षरं पक्की होतात आणि त्यांवरून पुढची. 'मौजे', 'वल्द', 'बिन' (अमक्याचा मुलगा), 'जौजे' (अमक्याची बायको), 'मयत', 'साकीन' (राहणार) हे शब्द ओळखू आले की वऱ्हाडी महसुली मोडीचा निम्मा डोंगर सर झाला.

पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग अधूनमधून घेतो. दाव्यासाठी लिप्यंतर हवं असेल तर जाणकाराकडूनच सही-शिक्क्यानिशी करून घ्या.

सन फसली, शके, सुहूर सन: हे आपल्या सालात कसे आणायचे?

शकात 78 मिळवा. विक्रम संवतातून 57 वजा करा. वऱ्हाडातल्या निजामी फसलीत (सारावसुलीच्या सालात) 590 मिळवा. म्हणजे फसली 1300 हे 1890-91. उत्तर हिंदुस्थानातला फसली याहून दोनेक वर्षांनी वेगळा पडतो, तेव्हा कागद कुठला ते आधी पाहा.

भोसलेकालीन कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत आणि एककापासून उलटा. उदाहरणार्थ 'खमस अशर मयातैन व अलफ'. खमस 5, अशर 10, मयातैन 200, अलफ 1000. बेरीज 1215. त्यात 599 मिळवा: 1814. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून कागदाचा महिना माघ-फाल्गुन असेल तर इसवी सन 1815 धरायचा. बाकीचे एकक असे: इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9.

आमचा जिल्हा नवा आहे. जुना रेकॉर्ड कुठे?

गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. गठ्ठे वाटून दिले गेले, पण सगळे नाहीत. नव्या जिल्ह्यात 'नाही' म्हटलं तर जुन्या जिल्ह्यात विचाराच.

त्याआधीचीही एक उलथापालथ आहे. 1905 पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. एलिचपूर (अचलपूर) मग अमरावतीत गेला आणि बाशीम (वाशीम) अकोला-यवतमाळात वाटला गेला. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी नावाने ओळखला जायचा. इंग्रजी कागदांत त्याचं स्पेलिंग 'वून' असं वाचलं जातं आणि माणूस चक्रावतो. चांदा म्हणजे चंद्रपूर, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

राजुरा, कोरपना, जिवती या भागाचं प्रकरण निराळं. तो 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथे मिसल नाही, मराठवाड्यासारखे खासरा पाहणी पत्रक आणि सेतवार (शेतवार यादी) मागायचे. जुने कागद उर्दूत.

अर्ज कसा लिहायचा?

नकलेचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद नेमका माहीत असेल तर नकलेचा अर्ज करा, प्रमाणित प्रत मिळते. काय आहे तेच माहीत नसेल तर माहिती अधिकारात अवलोकन मागा. 10 रुपये फी, प्रतीला पानामागे 2 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. मजकूर असा पुरतो:

"मौजा ____, प.ह.नं. ____, बंदोबस्त क्र. ____, तहसील ____ या गावाच्या सन 1915 ते 1925 या काळातील कोतवाल पंजीचे प्रत्यक्ष अवलोकन करू द्यावे. अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती सशुल्क द्याव्यात. सदर पंजी आपल्याकडे नसल्यास ती कोणत्या कार्यालयाकडे व कोणत्या तारखेस वर्ग झाली, याची नोंद द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. खरं काम तेच करतं. 'सर्व जुने अभिलेख द्या' असं लिहिलं की अर्ज मोघम म्हणून बाजूला पडतो. दहा वर्षांचा एक तुकडा मागा, तो झाला की पुढचा.

जाण्याआधी भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघा. स्कॅन झालेले जुने उतारे, फेरफार घरबसल्या दिसतात, पण जिल्ह्याजिल्ह्यात कमीजास्त. तिथे शोध लागला नाही म्हणजे कागद नाही असं नव्हे. गावाच्या नावाची अनुक्रमणिका करताना चूक झाली असेल तर पान शेजारच्या गावात जाऊन बसतं.

"अभिलेख जीर्ण आहे" किंवा "उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर?

ही दोन उत्तरं एक नाहीत. जीर्ण म्हणजे कागद आहे. तर मग 'हाताळणार नाही, पण कर्मचाऱ्यासमोर फोटो काढू द्या', अशी विनंती करा. उपलब्ध नाही म्हणजे तीन शक्यता: दुसरीकडे वर्ग झाला, नष्ट केला, किंवा शोधलाच नाही. महसुली कागदांना वर्ग असतात: 'अ' कायम ठेवायचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'क-1' 5, 'ड' 1 वर्ष. 'अ' वर्गातला कागद नियमाने नष्ट करताच येत नाही. बाकीचे नष्ट केले असतील तर तशी यादी असते. ती यादी मागा. यादी मागितल्यावर गठ्ठा सापडल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

20 वर्षांहून जुन्या माहितीला माहिती अधिकारातले बहुतेक अपवाद लागू होत नाहीत (कलम 8, पोटकलम 3). उत्तर आलंच नाही तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील.

शाळेच्या रजिस्टरात नाव-तारखेपलीकडे काय?

बरंच. बापाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण, कोणत्या गावाहून मूल आलं. 'कारण' रकान्यात 'गैरहजर', 'शेतीकाम', 'गाव सोडले' मोजत गेलं की कोणत्या वर्षी किती कुटुंबं गेली ते दिसतं. जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नका. ज्या गावात निम्म्या मुलांचा जन्म 1 जुलैचा, तिथे तारीख गुरुजींनी लिहिलेली आहे. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा.

जनगणनेत आजोबांचं नाव मिळेल का?

नाही. घरोघरची माहिती कायद्याने गोपनीय आहे. मिळतात ते गावाचे आकडे. 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार लोकसंख्या सापडते. पुढच्या दशकांच्या पुस्तिकांत शाळा, पाणी, रस्ता, बाजार यांचीही माहिती येते. गॅझेटियरमध्ये लहान गाव क्वचितच येतं. आलं तरी जत्रा, किल्ला किंवा बाजारापुरतं. त्यासाठी आठवडाभर घालवू नका.

घरात जुन्या सनदा, वह्या आहेत. उधई (वाळवी) लागली आहे.

आधी थांबा. पुढच्या गोष्टी करू नका: लॅमिनेशन, सेलोटेप, उन्हात वाळवणं, फेविकॉल, कीटकनाशकाचा फवारा. लॅमिनेशन सर्वांत वाईट. गरम प्लास्टिक शाईत नि कागदात बसतं आणि पुन्हा निघत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते पिवळं पडून वाकतं, ते वेगळंच.

उधई जमिनीतून आणि भिंतीतून चढते. म्हणून कागद भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर, लोखंडी कपाटात. लाकडी पेटी मातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर ती पहिली हलवा. मातीचे बोगदे मऊ ब्रशने कोरडेच झाडा. कागदात किडे, अळ्या असतील तर बस्ता पॉलिथिनमध्ये हवाबंद बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर ओल धरते. काचेवरचे फोटो फ्रीजरमध्ये नकोत.

शाई ओळखा. अक्षराभोवती तपकिरी डाग आणि अक्षराच्या जागी भोक असेल तर ती हिरडा-हिराकसाची शाई. ती कागद खाते, अशी पानं दुमडू नका. गडद काळी, किंचित चमकणारी ती काजळीची. ती कागदाला काही करत नाही, पण पाणी लागलं की फिसकटते.

पुरात वही भिजली तर 48 तासांच्या आत पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत. दर दहा पानांमागे कोरा शोषक कागद घाला आणि तो बदलत राहा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. वाळल्यावर धुतलेल्या सुती कापडाचा बस्ता. जुने लोक खारव्यात (जाड तांबड्या कापडात) बांधायचे, ते बरोबरच होतं. फक्त गाठ घट्ट मारली की कडेची पानं तुटतात.

मोबाईलने फोटो काढले तर चालतील का?

गावाच्या संग्रहासाठी चालतील. कचेरीत पुरावा म्हणून नाही, तिथे प्रमाणित नक्कलच लागते.

12 मेगापिक्सेलचा फोटो ए-4 पानाला 300 डीपीआयहून थोडा जास्त पडतो, म्हणून पुरतो. कोतवाल बुकाचं पान लांब-रुंद असतं. ते एका फोटोत घेतलं तर बारीक अक्षर जातं. पान दोन भागांत घ्या आणि मधला इंचभर दोन्हींत येऊ द्या. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड डाव्या बाजूने, फोन पानाला समांतर. प्रत्येक रजिस्टरच्या आधी एका चिठ्ठीवर गाव, नमुना, साल लिहून तिचा फोटो घ्या. फायलीची नावं 'मौजा_कोतवाल_1918_पान034' अशी ठेवा. कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पुढे कोणी विचारेल की मधली पानं कुठे गेली. प्रती दोन ठिकाणी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो मूळ समजू नका. तो दाबून लहान झालेला असतो.

हे सगळं गावच्या ग्रुपवर टाकावं का?

जमिनीचे नकाशे, ठराव, साथीचे आकडे खुशाल टाका. कोतवाल बुकाची जशीच्या तशी पानं नको. त्यात जुने, टोचणारे जातिवाचक शब्द आहेत, पोरक्या बाळांच्या नोंदी आहेत, आणि ती घरं आजही गावात आहेत.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी कशा नोंदवायच्या? त्यांना साल आठवत नाही.

साल विचारूच नका. खूण विचारा. वर्धा-चंद्रपूरकडे 'आष्टी-चिमूरच्या वेळी', म्हणजे 16 ऑगस्ट 1942. 'नागपूरच्या दीक्षेच्या वेळी', म्हणजे 14 ऑक्टोबर 1956. 'मालगुजारी गेली तेव्हा', 'नवे पैसे आले तेव्हा'. त्याआधी लगीन झालं होतं का, पहिलं मूल कडेवर होतं का, असं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या आत साल बसतं. मग कोतवाल बुकाशी ताडून बघा. कागद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही लिहून ठेवा.

आमचं मूळ गाव आता रिठ आहे. दुसऱ्या एका नातेवाईकाचं धरणात गेलं. त्यांचे कागद असतात का?

रिठ गावाचं मौजा म्हणून नाव सहसा पुसलं जात नाही. वस्ती उठली तरी शेतं राहतात, म्हणून सातबारे, नकाशा, बंदोबस्त क्रमांक चालूच असतो. नावापुढे 'रिठ' किंवा जुन्या कागदात 'बेचिराख' लिहिलेलं असतं. गाव नकाशावर गावठाणाची हद्द शोधा. प्रत्यक्षात तिथे पांढरी माती, खापरं, एखादी विहीर, मारुतीचं ठाणं सापडतं. वस्ती कधी उठली ते हवं असेल तर लागोपाठच्या जनगणनांतला आकडा शून्यावर कधी आला ते पाहा, आणि शेजारच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्या वर्षी एकदम नवी नावं आली का तेही.

धरणातल्या गावाचे कागद उलट जास्त चांगले असतात. गोसेखुर्दसारख्या प्रकल्पात संपादन करताना प्रत्येक घर, विहीर, झाड मोजून त्याची किंमत लावली जाते. भूसंपादनाचा निवाडा आणि त्याला जोडलेली संयुक्त मोजणी मागा. घर मातीचं की विटांचं, छप्पर कवेलूचं की टिनाचं, आंब्याची झाडं किती, सगळं घरमालकाच्या नावानिशी. हे कागद भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत असतात. नव्या गावठाणाच्या ग्रामपंचायतीत ते शोधत बसू नका, तिथे फक्त भूखंड वाटपाची यादी मिळेल.